खर्जाचा हट्ट

हळू बोलणारा माणूस नम्र असतो, हा समज मोठ्याने बोलणाऱ्यांनी पसरवलेला असावा. हळू बोलणारा अख्ख्या खोलीला गप्प बसवतो, चार माणसांना पुढे वाकायला लावतो, पंखा बंद करायला लावतो. ओरडणाऱ्यासाठी एवढं कुणी करत नाही.

अकूस्टिक बेस गिटार हे असलं हळू बोलणारं वाद्य आहे. दिसायला नेहमीची गिटार, फक्त थोराड. मान लांब, तारा चारच आणि त्याही जाडजूड, सूर नेहमीच्या गिटारीच्या एक सप्तक खाली. अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाडीत राहून हे वाद्य वाजवणारा माणूस म्हणून आजूबाजूची तरुण मुलं कधीकधी विचारायला येतात : घ्यावं का? त्यांना फायदे आणि तोटे दोन रकान्यांत हवे असतात. मला रकाने आखता येत नाहीत. तोटा एकच आहे, फायदाही तोच आहे : आवाज पुरत नाही.

*

सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हवेत त्या सुराची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. वाडीतल्या घराच्या खोल्या तेवढ्या लांब नसतात.

गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत खुशीत घुमते. त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरलं की ती साथ सोडते. तार थरथरते, लाकूड थरथरतं, वाजवणाऱ्याच्या बरगडीला ते कळतं. समोर बसलेल्याला मात्र फारसं काही पोचत नाही.

त्यात आपला कान. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की सगळे सूर कानाला सारखे लागत नाहीत. जितकं खाली जावं तितका कान मंद. हजार हर्ट्झचा सूर जिथे जेमतेम ऐकू येऊ लागतो, तिथे ४० हर्ट्झच्या सुराला जवळपास ५० डेसिबल अधिक लागतात. म्हणजे या वाद्यावर अन्याय दोनदा झाला. पोट लहान मिळालं, आणि ऐकणारा बहिरा मिळाला.

*

खालचा सूर ऐकवायचे मार्ग थोडेच आहेत.

एक : वाद्य मोठं करा. डबल बास माणसाहून उंच असतो तो रुबाबासाठी नव्हे. पण तो घेऊन रेवसच्या लाँचमध्ये चढून पाहावं.

दुसरा : वीज लावा. लिओ फेंडर यांनी १९५१ साली भरीव लाकडाची विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि उंच पोटाची गरज एका वायरीने संपवली. त्यानंतर मुंबईच्या स्टुडिओंतून जे संगीत निघालं, त्याच्या खाली ही वायर आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बेस गिटारीने जी जमीन घातली, तिच्यावर आपली अर्धी पिढी नाचली. वाझ हे नाव त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पण ही तक्रार बेसवाल्यांची जुनीच आहे, तिला इथे जागा देत नाही.

तिसरा मार्ग : बाकीच्यांनी आवाज कमी करावा.

हा तिसरा मार्ग कुठल्याही वाद्याच्या खोक्यावर छापलेला नसतो. अकूस्टिक बेस गिटार विकत घेणारा नकळत तोच विकत घेतो.

*

अमेरिकेत अर्नी बॉल आणि जॉर्ज फुलर्टन यांनी १९७२ साली ‘अर्थवूड’ नावाची अकूस्टिक बेस गिटार काढली. मेक्सिकोच्या मारियाची मेळ्यातलं ‘गिटारॉन’ हे फुगीर पोटाचं वाद्य त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. अर्थवूडचं पोट एवढं खोल होतं, की कुशीत घेऊन बसलेल्याचा उजवा हात तारांपर्यंत पोचताना अवघडायचा. ती फार खपली नाही, हे सांगायला नकोच.

पण १९८३ साली ‘व्हायलंट फेम्स’ या मिल्वॉकीच्या त्रिकुटाची पहिली तबकडी आली, तिच्यात तीच अर्थवूड वाजली आहे. ही मुलं रस्त्यावर उभी राहून वाजवत. बेस ऐकू कसा आला? त्यांच्या ड्रमवाल्याने ड्रमचा सगळा पसारा घरी ठेवला होता. तो उभा राहून एका स्नेअरवर ब्रश फिरवायचा. सगळी स्तुती बेसवाल्याची होते. मला विचाराल तर तो पराक्रम ड्रमवाल्याचा.

नंतर १९८९ पासून टीव्हीवर ‘अनप्लग्ड’ मैफली आल्या आणि अकूस्टिक बेसला बरे दिवस आले. त्या मंचावर वायरींचं जाळं असे, ही गोष्ट वेगळी.

*

या वाद्याच्या घोडीखाली बहुधा पिकअप बसवलेला असतो. मग वायर लावायला काय हरकत?

हरकत नाही. पण पोकळ पेटीला स्पीकरचा आवाज परत ऐकू येतो, ती त्यावर पुन्हा घुमते, आणि ती घूं थांबेपर्यंत गाणं थांबतं. ती टाळायला ध्वनिछिद्रावर रबराची चकती बसवतात. म्हणजे पोकळीसाठी पैसे मोजायचे आणि मग पोकळी बुजवायची. वायर लावायचीच असेल तर भरीव बेस स्वस्त पडते, हातात हलकी वाटते, ऐकूही नीट येते. मी मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना लाकडाचा रंग आवडलेला असतो.

*

खोल आवाज हवा म्हणून लोक काळ्या नायलॉनने मढवलेल्या गुळगुळीत तारा लावतात. त्यांचा आवाज मऊ, गोल, खानदानी. आणि दोन हातांवर तो विरतो.

उलट नव्या, करकरीत ब्राँझच्या तारा लावल्या, उजवा हात घोडीकडे सरकवला, की आवाज जरा नाकातला होतो, पण पोचतो. कारण कान खालचा सूर बहुधा ऐकतच नाही, तो बांधतो. ८२, १२३, १६५ हर्ट्झचे वरचे उपस्वर कानी पडले, की मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखून खालचा ४१ स्वतःच भरून घेतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही, तरी बसमध्ये शेजारचा प्रवासी गाणं लावतो तेव्हा बेस आपल्याला कळतो, तो असा.

खाली ऐकू यायचं असेल तर वर वाजावं लागतं. खोलीच्या हौशीने जे वरचं सगळं पुसून टाकतात, त्यांची खोली कुणाला दिसत नाही. हे मी फक्त तारांबद्दल म्हणतो आहे.

*

तंबोरा करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक होतं. मिरजेच्या कारागिराने घडवलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज काळी एकला ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. भोपळा मोठा खरा, तरी त्या सुराच्या मानाने लहानच. पण घोडी रुंद, किंचित उतरती; तार तिच्यावर हलकेच घासत राहते; मध्ये दोरा सरकवला, की जवारी उघडते आणि एका तारेतून उपस्वरांची झुंबड उडते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर निबंध लिहिला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकी नियमाने जे उपस्वर तारेतून निघायला नकोत, तेही तंबोऱ्यातून निघतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण खरा दाखला त्या दोऱ्याला द्यायला हवा होता.

माझ्या गिटारीची घोडी अरुंद, धारदार. तिच्यावर जवारी निघत नाही. मी दोरा लावून पाहिला आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

*

पळस्पे फाटा म्हटलं की लोकांना मुंबई-गोवा महामार्गाचं तोंड आठवतं. ट्रक, हॉर्न, चहाच्या टपऱ्या. त्याच पळस्प्यात उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपदाचं गुरुकुल उभं केलं. आपल्याकडच्या तंतुवाद्यांतलं बहुधा सर्वांत खालच्या आवाजाचं वाद्य, रुद्रवीणा, रायगडात येऊन राहिलं ते महाराष्ट्रातल्या सर्वांत गोंगाटी नाक्यांपैकी एकाजवळ.

डागर (१९२९–१९९०) यांनी वीणेबरोबर जे केलं ते बेसवाल्याने अभ्यासावं असं आहे. त्यांनी ती कोलकात्याच्या कारागिरांकडून नव्याने घडवून घेतली : भोपळे मोठे, दांडी जाड, तारा जाड. आवाज खोल गेला, लांबला. वजनही वाढलं. परंपरेने वीणेचा एक भोपळा डाव्या खांद्यावर घेतात. ही वीणा खांद्याला झेपेना, म्हणून ती त्यांनी दक्षिणेकडच्या वीणेसारखी मांडीशी आडवी घेतली. म्हणजे खोल सुरासाठी आधी वाद्य बदललं, मग बसणं बदललं. आणि मग संगीतही बदललं. एवढ्या जाड तारेवर घाई परवडत नाही. एक सूर लावायचा, त्याला संपू द्यायचं, तो संपतासंपता ओढून पुढच्यात न्यायचा. त्यांचा आलाप तासभर चाले तो विद्वत्ता दाखवायला नव्हे. तारच तेवढा वेळ मागते.

इथे माझ्या म्हणण्याला एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रुद्रवीणेला गेल्या शतकात श्रोते मिळाले ते मायक्रोफोनमुळे. दरबारातल्या दहा-बारा माणसांनी ऐकायचं वाद्य सभागृहात पोचलं ते विजेने. मग वीज वाईट कशी? वाईट नाहीच. फरक इतकाच, की डागरांनी आधी वाद्य शांततेसाठी घडवलं आणि मग शांतता मोठी करून घेतली. आपण बहुतेक वेळा गोंगाटासाठी वाद्य निवडतो आणि मग गोंगाट मोठा करून घेतो.

त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर याच पळस्प्यात गाणं शिकवत. २०१३ साली ते वारले. महामार्गाचं काम तोपर्यंत सुरू झालं होतं. ते अजून चालू आहे.

*

अलिबागच्या किनाऱ्यावर एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वातले अतिशय बारीक चढउतार तिथे टिपतात. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह सुरू झाला की चुंबकसुयांना दुसरं काही कळणार नव्हतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे, अलिबागला नवी वेधशाळा बांधून घेतली, लोखंडाला फाटा देऊन. १९०४ साली ती सुरू झाली. दोन वर्षं दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. मुंबईच्या कुलाब्याहून निघून वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं.

मंद गोष्टीपुढे दोनच वाटा असतात : इतरांना गप्प करा, नाहीतर उठून दुसरीकडे जा. ट्रामला गप्प करणं कुणाच्या हातात नव्हतं.

या वेधशाळेवरून जाताना मला तिचा हेवा वाटतो. तिने मागितलेली शांतता तिला सरकारी खर्चाने मिळाली.

*

गावच्या सप्ताहात भजनी मंडळाबरोबर बसण्याची हौस मला झाली होती. पेटी, पखवाज, आणि वीसेक टाळ. टाळांत माझं काही ऐकू येण्याची शक्यता नव्हती, हे वाचणाऱ्याला आधीच कळलं असेल. बुवांनी दोन अभंग सहन केले. मग म्हणाले, “दादा, आम्ही टाळ खाली ठेवायचं, का तुम्ही ते ठेवताय?”

इतका नेमका प्रश्न मला संगीताच्या कुठल्या पुस्तकात भेटलेला नाही. अकूस्टिक बेसचा सगळा विषय त्यात आला. कोणी कमी व्हायचं?

मी वाद्य खाली ठेवलं. पण बसून राहिलो, आणि पखवाजाकडे पाहत राहिलो. डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापलेला. कणीक जास्त तर आवाज खाली, थोडी खरवडली तर वर. वीस टाळांच्या खालून तो ‘धुम्’ शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. पोट मोठं नाही, वीज नाही, नुसतं वजन. माझ्या जाड तारेतही तेच आहे : आतल्या पोलादी गाभ्यावर ब्राँझचं वेटोळं गुंडाळून तिला जड केलेलं. खाली जायला वजन लागतं, हे आमच्यातलं साम्य. पण पखवाजावर पूर्ण पंजा पडतो, आणि अख्खं कातडं हवेला ढकलतं. तार बिचारी हवेला कापून जाते. तिथून पुढे आमच्या वाटा वेगळ्या.

भजन संपल्यावर पखवाजवाल्याने कणीक काढली, पुडी पुसली आणि पखवाज भिंतीशी ठेवला. खर्ज हा कायमचा चिकटवून ठेवायचा नसतो, ही त्याची शिस्त मला आवडली.

पुढच्या वर्षी कीर्तनानंतर चारच माणसं ओटीवर उरली होती, एक पेटी आणि एक म्हातारा गळा. तेव्हा बुवांनीच सांगितलं, “तुमचं ते आणा.” चार माणसं हे या वाद्याचं सभागृह. पाचवा आला तर त्याने बोलू नये.

*

गायकाला श्रोते किती, हे त्याचं नशीब ठरवतं. या वाद्याच्या बाबतीत ते वाद्यच ठरवून टाकतं. ज्याला गर्दी हवी त्याने दुसरं काही घ्यावं. ज्याला चार माणसं पुरतात त्याला एवढं प्रामाणिक वाद्य मिळणार नाही.

आणि ज्याला स्वतःखेरीज कुणीच नको, त्यानेही हे घेऊ नये. एकट्याने वाजवलेला बेस ही उत्तर नसलेल्या पत्रांची थप्पी.

*

अंगावर होणारे परिणाम. डाव्या हाताच्या करंगळीला पहिले काही महिने वैर वाटतं. तार जाड, पडदे दूर, तार पडद्यापासून उंच. लांब मान आपल्या वजनाने खाली झुकते आणि डावा हात वाजवण्याऐवजी तिला सावरत बसतो. रुंद पेटीवरून उजवा हात टाकल्याने खांदा भरून येतो. म्हणतात, यावर सराव केला की विजेची बेस हातात खेळणं वाटते. खरं आहे. पण ऐकू जावं म्हणून तारा ओरबाडण्याची जी खोड लागते, तीही बरोबर जाते. जोर लावणं हा इथला मोह आहे. जोराने छेडलेली जाड तार पडद्यांवर आपटते, खडखडते, आणि सूर वाढण्याऐवजी खडखड वाढते.

चुका लपत नाहीत. बोट घसरल्याचा कर्कश आवाज सुरापेक्षा लांब जातो, कारण तो वरचा आहे आणि कानाचा लाडका आहे. खालचं काम कुणी ऐकत नाही. खालच्या कामातली चूक सगळे ऐकतात.

फायद्यांत हे लिहावं की तोट्यांत, ठरवलेलं नाही.

*

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा ज्यांनी आजोबांपासून राखल्या होत्या त्यांनी एका दुपारी त्या गमावल्या. विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावांत दिवसामागून दिवस वीज नव्हती. त्या अंधारात माझं वाद्य चालू होतं, हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगता आला असता. पण त्या दिवसांत कुणी काही वाजवलं नाही. वीज नसताना वाजतं म्हणून वाद्य घेणाऱ्याने हेही धरून चालावं, की वीज जाते तेव्हा बहुधा दुसरंही बरंच काही गेलेलं असतं.

*

हळदीच्या रात्री दोन गावं पलीकडचा डीजे ऐकू येतो. गाणं कोणतं ते कळत नाही. पोचतो तो बेसच. वरचे सूर भिंती, झाडं, माणसं वाटेत खाऊन टाकतात. खालची लांब लाट सगळ्याला वळसा घालून येते, खिडकीची काच थरथरवते, मांडणीवरची भांडी वाजवते. रात्री दहाचा नियम सर्वांना पाठ आहे.

तो सूर आणि माझा सूर एकच. तीच चाळीस-एक कंपनं. मी खोलीच्या टोकाला पोचत नाही आणि तो खाडी ओलांडतो. खालच्या सुराला नम्र, पायाखालचा, दुसऱ्यांना आधार देणारा म्हणून गौरवणाऱ्यांनी एकदा लग्नसराईत आमच्याकडे राहायला यावं. सूर नम्र नसतो. त्याला मिळालेली ताकद तोकडी असते, इतकंच.

म्हणून ‘बेस वाजवणारा निरहंकारी असतो’ हे वाक्य मी स्वीकारत नाही. मला वायर नको, कारण मला वाटतं की इतरांनी आपला आवाज माझ्यासाठी उतरवावा. हा अहंकारच आहे. त्याचं एकच समर्थन देता येईल : आवाज उतरवलेल्या चार माणसांना नंतर एकमेकांचंही ऐकू येऊ लागतं. ओटीवरच्या त्या रात्री पेटीवाल्याला पहिल्यांदा कळलं, की आपल्या पेटीचा भाता चरचरतो. तो माझ्यावर थोडा नाराजही झाला.

*

आता हवामान. खाऱ्या वाऱ्याने ब्राँझच्या तारा लवकर मरतात. मरतात म्हणजे तुटत नाहीत. आधी त्यांचे उपस्वर जातात, मग नुसता दणका उरतो. ज्या उपस्वरांच्या जिवावर हे वाद्य ऐकू येतं तेच किनाऱ्यावर आधी जातात. बेसच्या तारांचा संच गिटारीच्या संचापेक्षा बराच महाग, हे हिशेबात धरावं. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसावी. पुसणं हा या वाद्याच्या रियाझाचा भाग आहे, कंटाळवाणा.

लाकडाला हवेत मध्यम ओल मानवते, अर्ध्याच्या आसपास. जुलैत इथे ती किती असते ते कपाटातले कपडे सांगतात. एकसंध स्प्रूसच्या फळीचं वाद्य महाग, आवाजाला उत्तम. ओल पिऊन तिची फळी फुगते, घोडी उचलली जाते, तारा आणखी उंच होतात, डिंक सुटू लागतो. थरांच्या फळीचं, म्हणजे सरळ भाषेत प्लायवूडचं वाद्य स्वस्त, आवाजाला उणं आणि पावसाला पुरून उरणारं. पुण्याला राहत असतो तर स्प्रूस सांगितलं असतं. रेवदंड्याच्या आसपास राहणाऱ्याने प्लाय घ्यावं, पेटीत सिलिकाच्या पुड्या टाकाव्यात आणि लाकडाच्या रंगावर भाळू नये.

गंमत अशी आहे. आमच्याकडे शांतता ऋतूवर चालते. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात. हळदी, बेंजो, डीजे, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्या. हे सगळं उन्हाळा संपेपर्यंत. १ जूनला होड्या किनाऱ्याला लागतात, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद. इंजिनांचा आवाज थांबतो. आषाढी झाली की लग्नं थांबतात. मांडव्याच्या लाँचा बंद पडल्या की पाहुणेही कमी होतात. चार माणसांना ओटीवर बसायला वेळ असतो. म्हणजे ज्या महिन्यांत हे वाद्य ऐकू येऊ शकतं, नेमक्या त्याच महिन्यांत त्याची फळी फुगते.

शिवाय वादळात कौलं गेली तेव्हा आम्ही घाईने पत्रे घातले. पत्र्यावर आषाढातला पाऊस पडू लागला की गिटार सोडाच, शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याखाली फळ्यांचं छत घातलं तर आवाज बराच कमी होईल, असं सुताराचं मत आहे. त्याने येऊन मापं घेतली, फणसाचं लाकूड चांगलं की आकेशियाचं यावर अर्धा तास बोलला, आगाऊ पैसे घेतले आणि गणपतीनंतरची तारीख दिली.